मशीद सांभाळलीत, तिची बागही सांभाळा

प्रति,
गोव्यातील संरक्षित स्मारकांची देखभाल व दुरुस्ती आणि त्यांच्या आसपासच्या बांधकामांच्या परवानग्या ज्यांच्या हाती आहेत, ते सर्व अधिकारी

महोदय,

फोंड्याहून पणजीच्या रस्त्याला लागले की दोनेक किलोमीटरवर, शापूरला, साफा मशीद दिसते. जोत्यावर उभी असलेली एकाच आयताकृती दालनाची इमारत, भिंतींवर कमानी, वर उतरते कौलारू छप्पर, भोवती खांबांचे तुटके बुंधे आणि शेजारी जांभ्या दगडात बांधलेला तलाव. तलावाच्या भिंतींत मेहराबीच्या आकाराची छोटी दालने आहेत. हा सगळा परिसर एकेकाळी आदिलशाही बाग होता. बागेत कारंजी होती. पोर्तुगीज अमलात बागेची नासधूस झाली, मशीद टिकली. मशिदीविषयीच्या सरकारी मजकुरात बागेला एवढे एखादे वाक्य मिळते आणि विषय संपतो. आमची तक्रार तिथून सुरू होते.

आम्ही अंत्रुज महालातले, म्हणजे फोंड्याकडचे, लोक आहोत. आमच्यात जांभ्या-चुन्याचे काम करणारे गवंडी आहेत, कुळागरे (पोफळी-नारळाच्या बागा) राखणारे आहेत, इतिहास शिकवणारे आहेत. या जागेशी आमचे नाते केवळ शेजाराचे नाही. मशिदीचे साल १५६० सांगितले जाते. त्याच साली नदीपलीकडे, पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या गोव्यात, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, सुरू झाले. तिसवाडी आणि सासष्टीतून आमच्या पूर्वजांनी देव उचलले आणि अंत्रुजात आणले, ते याच काळात. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला तो या धामधुमीत. फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता, म्हणूनच इथे आसरा मिळाला. देवळांच्या तळ्या बांधणारे आणि हा तलाव बांधणारे हात एकाच मातीतले असणार. दगड एकच, पाऊस एकच. म्हणून या बागेची जबाबदारी फक्त तिथे नमाज पढणाऱ्यांची नाही, आमचीही आहे असे आम्ही मानतो, आणि त्याच हक्काने तुम्हाला लिहितो.

आधी मूळ मुद्दा. ‘बाग नष्ट झाली’ असे म्हटले की जमिनीत काहीच उरले नाही असे धरले जाते. मग त्या जमिनीवर काहीही करायला मोकळीक मिळते: केबलसाठी चर खणा, लॉन लावा, पेव्हर बसवा, दिव्यांचे खांब रोवा. पण अशा बागेची झाडे मरतात, तिचे पाण्याचे काम मात्र जमिनीखाली राहते. आदिलशाहीचे पाण्याचे शहाणपण विजापुरात आजही बघता येते. १६५१ च्या बेगम तलावातून शहरात खापरी नळांनी पाणी आणले होते. वाटेत ठिकठिकाणी गंज नावाचे उंच बुरूज उभारून त्यांत नळांतला दाब कमी करीत आणि गाळ खाली बसू देत. विजापूरजवळ कुमटगीला तलावाकाठी जलमहाल आहेत, तिथे तुषार उडवणाऱ्या नळ्यांच्या खुणा शिल्लक आहेत. म्हणजे आदिलशाही बाग ही नुसती फुलझाडांची रांग नव्हे. साठा, उंची, नळ, कारंजे, पाट आणि शेवटी तलाव किंवा शेत अशी ती पाण्याची एक पूर्ण साखळी असते.

फोंड्यात या साखळीतला एकच दुवा आपल्याला धड दिसतो, तो म्हणजे तलाव. त्याचे पाणी भोवतीच्या जमिनीच्या खाली आहे. कारंजे उडवायचे तर पाणी कारंज्याहून उंचावर हवे, तलावातून ते आपोआप वर येणार नाही. तेव्हा दोनच वाटा उरतात. एक तर मोटेने किंवा लाटेने (पाणी उपसायच्या तरफेने) वर चढवून पाणी काठावरच्या हौदात साठवत असतील. नाहीतर चढाकडच्या झरीचे पाणी पाटाने किंवा नळाने आणून आधी कारंज्यांतून खेळवून मग तलावात सोडत असतील. कुळागरात आजही झरीचे पाणी असेच वरून खाली फिरवतात. दोन्हींच्या खुणा वेगळ्या. मोट असेल तर काठावर थारोळ्याची (मोट रिकामी करायच्या जागेची) फरशी, नाड्याने (मोटेच्या दोराने) घासून पडलेले चर, हौदाचा पाया सापडेल. झर असेल तर चढाच्या दिशेने जाणारी खापरी नळांची ओळ, तिच्या सांध्यांवर चुन्याचा गोळा, आणि वळणांवर गाळ काढायची छोटी कुंडी. या खुणा जमिनीखाली हात-दोन हातांवर असू शकतात. दिव्याच्या केबलचा चर तेवढाच खोल जातो. खापरी नळाचा तुकडा निघाला तर मजुराला तो फुटके कौल वाटतो, आणि डेब्रिजबरोबर टेम्पोत जातो. आमची सगळ्यात मोठी भीती ही आहे, म्हणून ती पहिल्यांदा लिहिली.

दुसरी गोष्ट हद्दीची. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. लोकांचा समज असतो की हे अंतर इमारतीच्या भिंतीपासून मोजायचे. तसे नाही, ते संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून मोजतात. इथेच बागेचा प्रश्न कायद्याचा होतो. मशीद आणि तलाव यांच्यापुरतीच रेषा आखली, तर बागेचा उरलेला भाग फार तर या ३०० मीटरच्या पट्ट्यात येतो. तिथे नवे बांधकाम अडवता येते, पण जमिनीत काय दडले आहे याची चौकशी कोणाच्याच कामात बसत नाही. मशिदीला खेटून महामार्ग जातो. रस्ता रुंद करणे, गटार बांधणे, जलवाहिनी टाकणे ही कामे वेगवेगळी खाती करतात आणि प्रत्येकाच्या नकाशावर मशीद एक ठिपका असते. त्या ठिपक्याभोवती बागेचा आकार कोणीतरी काढून द्यायला हवा. ते काम तुमचे आहे.

हा आकार शोधायला लगेच उत्खनन करा असे आम्ही म्हणत नाही. घाईचे उत्खनन लॉनपेक्षा जास्त नुकसान करते. आधी जमिनीचा उंच-सखलपणा बारकाईने मोजा, पाव मीटरच्या समपातळी रेषा येतील इतका. जुने वाफे, बांध आणि पाट यांचे उंचवटे डोळ्यांना दिसत नाहीत, पण अशा नकाशावर उमटतात. नंतर जमिनीच्या विद्युतरोधाची, म्हणजे ती विजेला कुठे किती अडवते याची, पाहणी करा. भूवेधी रडार आणायचे असेल तर ते एप्रिल-मे मध्येच आणा. आपली जमीन लोहाने आणि चिकणमातीने भरलेली. ती ओली असताना रडारच्या लहरी मीटरभरही खाली जात नाहीत, आणि ‘काही आढळले नाही’ असा अहवाल तयार होतो. असा अहवाल एकदा फायलीत गेला की पुढची पन्नास वर्षे तोच दाखवला जातो. या पाहण्यांत जिथे सरळ रेषा किंवा काटकोन दिसतील, तिथेच एक मीटर रुंदीचे मोजके चाचणी-खड्डे घ्या आणि नोंद करून पुन्हा बुजवा.

आता तलावाकडे येऊ, कारण साफसफाईच्या नावाखाली सर्वात आधी हात त्यालाच लागतो.

जांभ्याच्या तलावाची भिंत दोन बाजूंनी दाबली जाते: मागून माती, पुढून पाणी. पाऊस संपल्यावर मागची माती पाण्याने गच्च भरलेली असते. अशा वेळी मोठे पंप लावून दोन दिवसांत तलाव रिकामा केला, तर पुढचा आधार जातो आणि मागचा दाब तसाच राहतो. भिंत पोटाकडे फुगते, चिऱ्यांचे सांधे उघडतात, कधी पूर्ण थर घसरतो. लोक म्हणतात जुनी भिंत होती, पडली. ती जुनी होती म्हणून पडलेली नसते, पाणी भलत्या वेळी आणि भलत्या वेगाने काढल्याने पडलेली असते. गाळ काढायचा तर एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत, मागची माती सुकल्यावर. पाणी दिवसाला एक वीत उतरवावे, त्याहून जास्त नाही. रोज सकाळी भिंतीच्या चारही बाजूंना ओळंबा लावून फुगवटा मोजावा. बोटभर फरक दिसला तर पंप बंद.

जेसीबी काठावर आणू नये. तलावाच्या खोलीच्या निदान दुप्पट अंतर सोडून अलीकडे कोणतेही जड यंत्र, टिप्पर किंवा काढलेल्या गाळाचा ढीग नको. ओल्या गाळाचा घनमीटर दीड टनाच्या आसपास भरतो. तो काठावर टाकणे म्हणजे भिंतीला मागून ढकलणेच. गाळ घमेल्यांनी काढा, पाच मीटरच्या चौकटी पाडून कोणत्या चौकटीतून किती खोलीवरचा ते लिहा, आणि जाळीतून चाळा. कारंज्याची तोंडे, खापरी नळ, खांबांचे पडलेले भाग, कौलांचे जुने प्रकार जर कुठे मिळायचे असतील तर या गाळातच. चिखलाचे काळे थर असतील तर त्यांचे थोडे नमुने बंद डब्यांत जपून ठेवा. त्यांतल्या परागकणांवरून बागेत कोणती झाडे होती ते कळू शकते. गाळाचे टेंडर घनमीटरवर काढले तर हे काहीही होणार नाही, कारण ठेकेदाराला जितका लवकर तितका फायदा. टेंडर दिवसांवर काढा आणि साइटवर पुरातत्त्व जाणणारा माणूस पूर्णवेळ बसवा.

आणखी एक. शेवटचा हातभर थर खरवडू नका. तळाच्या मातीने तलाव धरून ठेवलेला असतो; ती निघाली तर पाणी झिरपून जाते आणि मार्चमध्येच तळ दिसतो. मग कोणीतरी तळाला काँक्रीट घालायचे सुचवतो. ते केले की झरीचे तोंड कायमचे बुजते.

तलावातली छोटी दालने आणि पायऱ्या जिथे पाण्याची पातळी चढते-उतरते, तो पट्टा नीट पाहावा. वर्षातून एकदा भिजणारा आणि एकदा सुकणारा हाच हातभर पट्टा सर्वात आधी झिजतो. तिथला चिरा जवळून बघितला की जांभा म्हणजे काय ते कळते: लालसर-करड्या कठीण जाळीत असंख्य वेड्यावाकड्या पोकळ्या आणि त्यांत पिवळी मऊ माती. गिलावा शाबूत असेपर्यंत ती माती जागेवर राहते. गिलावा गेला की पाऊस ती धुऊन नेतो, पोकळ्या मोठ्या होतात, एकमेकींना मिळतात, आणि चिरा वरून धडधाकट दिसत असला तरी आतून पोखरला जातो. बोटाने दाबले तर कड तुटून हातात येते.

अशा चिऱ्याला सिमेंट लावणे हा गोव्यातल्या जुन्या वास्तूंवर सर्रास होणारा अपराध आहे. देवळे, चर्च, किल्ले, तळ्या, कुणी त्यातून सुटलेले नाही. सिमेंट कडक आणि बंदिस्त असते, जांभा मऊ आणि पाणी पिणारा. भिंत जमिनीतून आणि माथ्यावरून पाणी घेतच असते. चुन्याच्या गिलाव्यातून ते उडून जाते, सिमेंटमागे कोंडते. पाण्याबरोबर आलेले क्षार सिमेंट आणि दगडाच्या मध्ये साठतात आणि सुकताना फुगतात. दोन-चार पावसाळ्यांत सिमेंटचा पापुद्रा सुटतो आणि सुटताना चिऱ्याचा बोटभर दर्शनी भाग सोबत घेऊन येतो. मग तेवढी खोली भरून काढायला आणखी सिमेंट. भिंत दरवेळी थोडी थोडी जाते.

योग्य रीत कोणाला नव्याने शिकवायची गरज नाही, या भागात ती होतीच. आपल्याकडे शिंपल्या भाजून चुना करीत. तो पाण्यात भिजवून निदान महिनाभर मुरवावा, जितका जास्त तितका चांगला. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली नदीची वाळू; समुद्राची वाळू नको, तिच्यातले मीठ भिंतीत जाते. पाण्याशी सतत संबंध येणाऱ्या जागी वाळूचा काही भाग काढून भाजलेल्या विटांची सुरखी (भुकटी) घालावी, तिने चुना ओलीतही धरतो. लावण्याआधी दगड भिजवून घ्यावा, नाहीतर कोरडा चिरा गिलाव्यातले पाणी ओढून घेतो आणि गिलावा भुगा होतो. थर बोटाच्या जाडीपेक्षा कमी, एकावर एक, मध्ये दिवस सोडून. वर ओली गोणपाटे निदान दोन आठवडे. चुना हवेतला कर्बवायू घेत सावकाश दगड होतो, त्याला घाई चालत नाही. बदलायचे चिरे खाणीतून आणल्या-आणल्या बसवू नयेत. ताजा चिरा मऊ असतो. एक पावसाळा उघड्यावर ठेवला की तो कठीण होतो आणि त्यातला कच्चा कुठला ते आपोआप समजते.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि सरकारी कामाचे वेळापत्रक त्याच्या नेमके उलटे असते. पैसे वर्षाच्या शेवटी सुटतात, काम मार्चअखेर दाखवायचे असते, एप्रिल-मेच्या उन्हात गिलावा तडकतो आणि जूनमध्ये पाऊस तो धुऊन नेतो. चुन्याच्या कामाचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चुना ऑगस्टमध्ये भिजत पडायला हवा आणि चिरे त्याच्या आदल्या वर्षी आणून ठेवायला हवेत. यासाठी वेगळा निधी लागत नाही, तोच निधी आठ महिने आधी लागतो. दरसूचीत चुन्याच्या कामाला सिमेंटच्या गिलाव्याचा दर लावून टेंडर काढले तर चुन्याचा गवंडी ते भरणारच नाही, आणि ज्याला काम मिळेल तो सिमेंटात चार मुठी चुना टाकून ‘पारंपरिक’ म्हणून बिल लावील. हे व्हायला नको असेल तर मजुरीचे दिवस खरे धरून दर काढा.

छपराविषयी थोडक्यात, कारण ते सगळ्यांना ठाऊक असून चुकते. गोव्यात पावसाळ्यात सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडते. म्हणजे छपराच्या दर १०० चौरस मीटरवर एका हंगामात सुमारे तीन लाख लिटर. एक कौल सरकले तर त्यातला थोडा हिस्सा रोज त्याच वाशाच्या टोकावर आणि त्याच भिंतीच्या माथ्यावर पडतो. शाकारणी दरवर्षी १५ मेपूर्वी व्हायला हवी. कौले परतणे, रिपा तपासणे, पन्हळी साफ करणे, एवढेच. पागोळ्या जिथे पडतात तिथे जोत्याला लागून उताराचे उघडे दगडी गटार असावे, शंभराला एक इतका उतार जोत्यापासून दूर. फटीत वड-पिंपळाचे रोप दिसले तर ते वितीएवढे असतानाच काढा. मुळे जाड झाल्यावर ती ओढून काढू नयेत, ओढली की चिरे सुटतात. वरून छाटा, मूळ मारा, ते पूर्ण वाळल्यावर फटीत चुन्याचे पातळ कालवण भरा. काळे-हिरवे शेवाळ काढायला प्रेशरचा पाइप आणि ॲसिड ही दोन्ही साधने या दगडाला वर्ज्य आहेत. नरम ब्रश आणि साधे पाणी पुरते.

छप्पर गेल्यावर गोष्टी किती वेगाने जातात, याचा पुरावा इथून तासाभराच्या वाटेवर उभा आहे. जुन्या गोव्याचे सेंट ऑगस्टिन चर्च १८३५ मध्ये सोडून दिले गेले. सात वर्षांत, १८४२ मध्ये, त्याचे मुख्य छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भाग पडला. आज ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा अर्धा भाग बघायला लोक येतात. तीही जांभ्याचीच वास्तू होती, आणि साफा मशिदीहून कितीतरी भक्कम. जुन्या गोव्यातल्याच आदिलशहाच्या राजवाड्याची तर दरवाजाची चौकट तेवढी उरली आहे. पणजीचा आदिलशहाचा राजवाडा आहे, पण पोर्तुगीज काळात तो इतक्यांदा बदलला की त्यातले मूळ शोधावे लागते. इमारत, तलाव आणि बागेची जमीन एकमेकांशेजारी असलेली आदिलशाही जागा गोव्यात आम्हाला दुसरी माहीत नाही.

सुशोभीकरणाची योजना आली की तिच्यात लॉन असतेच. आमचा विरोध हिरवळीला नाही, तिच्या पाण्याला आहे. ऑक्टोबर ते मे हे आठ महिने जोत्याला सुकायला मिळतात. त्या काळात रोज स्प्रिंकलर चालला तर भिंतीचा खालचा भाग वर्षभर ओला राहतो, क्षार वर चढतात, आणि गिलावा कमरेइतक्या उंचीपर्यंत सुटतो. जोत्यापासून पाच मीटरपर्यंत पाणी घालावे लागेल असे काहीही लावू नये. त्यापलीकडेही खड्डे खणून झाडे लावण्याआधी वर सांगितलेली पाहणी व्हायला हवी. पेव्हर लावले की जमिनीत मुरणारे पाणी जोत्याकडे वळते. वाट हवी असेल तर जांभ्याच्या फरश्या वाळूवर मांडा, सिमेंटवर नको. दिवे हवेत तर जमिनीवरून नेता येणाऱ्या नळीतून तार न्या, भिंतीला भोक एकही नको. आणि फलकाचे काँक्रीट तलावाच्या काठावर ओतू नका.

फलकाचा विषय निघाला म्हणून. मशीद १५६० साली इब्राहिम आदिलशहाने बांधली असे सर्वत्र छापले जाते. पहिला इब्राहिम आदिलशहा १५५८ मध्ये वारला. १५६० मध्ये गादीवर पहिला अली आदिलशहा होता, आणि दुसरा इब्राहिम १५८० मध्ये आला. म्हणजे साल बरोबर असेल तर नाव चुकले आहे, नाव बरोबर असेल तर साल. ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही दोन मिनिटांत कळते, आणि संरक्षित स्मारकाच्या माहितीत ती वर्षानुवर्षे तशीच छापली जाते. बांदोड्याच्या नागेशी देवळात १४१३ चा शिलालेख आहे. या परिसराला दगडावरचा पुरावा वाचायची सवय नाही असे कोणी समजू नये.

मशिदीत नमाज होतो. कायद्यानेही पूजास्थान असलेल्या स्मारकाचा वापर त्याच्या स्वरूपाला धरूनच व्हायला हवा. तेव्हा काम काढताना, गेट बंद करताना, तलाव उपसताना तिथल्या जमातीला आधी सांगा आणि त्यांचे ऐका. शुक्रवार आणि दोन्ही ईद सोडून कामाचे दिवस ठरवा. कोणत्या भिंतीतून पाणी येते, तलावाची पातळी कोणत्या महिन्यात कुठे असते, हे रोज तिथे येणाऱ्यांना जेवढे माहीत असते तेवढे कोणत्याही सल्लागाराला नसते.

आमच्या मागण्या अशा.

बागेच्या संभाव्य जागेची वर सांगितल्याप्रमाणे पाहणी येत्या उन्हाळ्यात करा. ती पूर्ण होऊन नकाशा प्रसिद्ध होईपर्यंत मशीद-तलावाभोवतीच्या सरकारी जमिनीत कोणत्याही खात्याने वीतभरही खणू नये, असे लेखी आदेश रस्ते, वीज आणि पाणी खात्यांना द्या. संरक्षित हद्दीचे दगड जागेवर रोवा आणि हद्दीचा नकाशा, १०० व ३०० मीटरच्या रेषांसह, मराठीत आणि कोकणीत मशिदीच्या गेटवर लावा. पाहणीत बागेचे अवशेष निघाले तर संरक्षित क्षेत्र वाढवायचा प्रस्ताव वर्षभरात पाठवा.

मशीद, तलाव आणि खांबांचे बुंधे यांची मोजणीसह रेखाचित्रे करा. दरवर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये त्याच ठरलेल्या जागांवरून छायाचित्रे घ्या. प्रत्येक तड्यावर तारीख टाकून काचेची पट्टी बसवा. पट्टी फुटली तर तडा चालता आहे. या नोंदी आम्हाला बघायला मिळाल्या पाहिजेत, माहिती अधिकाराचा अर्ज न करता.

जिथे जिथे सिमेंट लावलेले आढळेल तिथे ते छिन्नीने हलके काढून चुन्याचे काम करा. ब्रेकर मशीन नको. काढताना चिरा फुटत असेल तर तेवढा तुकडा तसाच राहू द्या, पुढच्या पिढीला काढू द्या. तलावाचा गाळ वरच्या पद्धतीशिवाय काढू नका. फलकावरचे साल आणि नाव पुराव्यासह दुरुस्त करा आणि पुरावा नसेल तर तसे लिहा.

चुना मुरवण्यापासून कौले परतण्यापर्यंतच्या कामांत आमच्यातले गवंडी नमुन्याची एक मीटर भिंत विनामोबदला करून दाखवायला तयार आहेत. तिच्यावरून दोन पावसाळे जाऊ द्या आणि मग दर ठरवा. त्यासाठी जागा आणि परवानगी तुम्ही द्यायची आहे. या पत्राचे लेखी उत्तर ३० दिवसांत मिळावे. पहिली परवानगी ऑगस्टच्या आत हवी, कारण चुना तेव्हाच भिजत घालायचा असतो.

आपले,
अंत्रुज महालातील गवंडी, बागायतदार, शिक्षक आणि इतर नागरिक
फोंडा, गोवा